तागायताय: समोर ज्वालामुखी, ताटात सरोवर

चिंचगूळ

मनिलात कुणालाही विचारा, सुट्टीच्या दिवशी जेवायला कुठे जावं? दहातले आठ जण तागायताय म्हणतील. शहराच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, काविते प्रांतात, सहाशे मीटर उंचीच्या कड्यावर वसलेलं गाव. मुंबईकरांचं लोणावळा तसं मनिलाकरांचं हे: धुकं, कणसं, शनिवार-रविवारची वाहनांची रांग आणि परतताना खोके भरून खाऊ. फक्त इथे कठड्यापलीकडे दरी नसून ताआल नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे.

नवऱ्याला मधल्या वारी सुट्टी मिळाली म्हणून जानेवारीत गेलो. हॉटेलचं नाव देत नाही, कारण त्या रस्त्याला कड्याच्या बाजूने अशी हॉटेलं ओळीने आहेत आणि देखावा सगळ्यांना एकच. लाकडी फळ्यांचा सज्जा, बांबूचं छप्पर, कठड्यालगतची टेबलं आधी भरतात. 'हॅलो मॅम-सर' म्हणत आम्हाला तिथेच बसवलं. मधल्या वाराचा फायदा.

आधी देखाव्याचं सांगते, कारण तिथे बहुतेक लोक चुकीच्या डोंगराचा फोटो काढतात. खाली पसरलेलं ताआल सरोवर म्हणजे पुरातन महाउद्रेकांनी खचलेला प्रचंड खड्डा. आपण बसतो तो कडा त्या खड्ड्याचा काठ. सरोवराच्या मध्ये बेट, आणि बेटाच्या अलीकडच्या टोकाला चित्रात काढावा तसा सुबक शंकू. सगळे त्यालाच ज्वालामुखी समजतात. त्याचं नाव बिनिंतियांग मालाकी, आणि तो १७१५ नंतर शांत आहे. खरं मुख्य विवर त्याच्या मागे, रुंद आणि बसकं, वरून नीट दिसतही नाही. १२ जानेवारी २०२० ला फुटलं ते हे मागचं. राख थेट मनिलात पडली, विमानतळ बंद ठेवावा लागला. तेव्हापासून बेटावर जायला बंदी आहे. घोड्यावरून विवरापर्यंत नेणारी सहल इतिहासजमा झाली.

आता जेवण. आमच्यात तो सर्वभक्षी. मी मासे-कोंबडी खाते, बीफ-पोर्क नाही. आणि तागायतायची प्रसिद्धी बुलालोची! गाईच्या नळीचं हाड आडवं कापून, मांसासकट, कित्येक तास मंद आचेवर शिजवलेलं पातळ, नितळ सूप. त्यात कणसाचे तुकडे, कोबी, पेचाय नावाची पालेभाजी, अख्खी मिरी. मसाला म्हणून बस एवढाच. शेजारचा बातांगास प्रांत पूर्वीपासून गुरांसाठी नावाजलेला आणि गावातल्या महोगनी मार्केटमध्ये ताज्या बीफचा मोठा बाजार. तिथेच वरच्या मजल्यावर बाकांवर बसून स्वस्तात बुलालो मिळतो. हाडातला मगज लांब चमच्याने काढायचा आणि त्यावर पातिस (माशांचं खारवलेलं पाणी), कालामान्सी लिंबू आणि मिरची. त्याने तो मगज भातावर घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. आमच्याकडे ही दुर्मीळ घटना.

मी सिनिगांग घेतलं, कोळंबीचं. चिंचेचं आंबट पाणी, मुळा, टोमॅटो, लांब शेंगा, कांगकोंगची पानं, एक हिरवी मिरची. हळद नाही, फोडणी नाही. पहिल्या चमच्याला आपली जीभ फोडणी शोधत राहते. चौथ्या-पाचव्याला शोध थांबतो, आणि मुळ्याची चव, कोळंबीच्या डोक्याची चव वेगवेगळी कळायला लागते. आपण इतक्या आंबट गोष्टी करतो, पण आंबटाला असं एकटं सोडत नाही, लगेच गूळ घालतो. (माझं इथलं नाव बघून हसू नका.)

लाइंगही मागवलं होतं, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. हा बिकोल भागातला पदार्थ. त्यात पोर्क आहे का विचारलं तर मुलगी आत जाऊन आली: आहे, आणि सकाळीच एकदम करून ठेवतात, काढता येणार नाही. मग एन्सालादांग तालोंग. चुलीवर भाजलेलं वांगं, टोमॅटो, कच्चा कांदा, व्हिनेगर. म्हणजे भरीत, पण ठेचलेलं नाही, देठासकट लांबडं ताटात निजवलेलं.

आणि ताविलिस. बोटाएवढे मासे, कुरकुरीत तळलेले, डोक्या-शेपटीसकट खायचे, सोबत लसूण-मिरचीचं व्हिनेगर. दिसायला मांदेलीच्या घरातले, पण ही आहे तारली, आणि गोड्या पाण्यातली! जगात गोड्या पाण्यात राहणारी ही एकच सार्डिन आणि ती फक्त समोर दिसतंय त्या सरोवरात. कारण हे सरोवर एकेकाळी बालायानच्या उपसागराला मोकळं जोडलेलं होतं. गलबतं आत यायची. १७५४ चा उद्रेक सहा महिन्यांहून जास्त चालला, राख-दगडांनी ती वाट आवळली गेली. आज समुद्राकडे जाणारी फक्त पान्सिपित नदी उरली आहे. पावसाच्या पाण्याने सरोवर गोडं होत गेलं आणि समुद्राचे काही जीव आतच राहिले. असाच एक समुद्रसर्पही तिथे आहे. तो मेनूवर नव्हता.

एकच्या सुमारास धुकं आलं. पाचेक मिनिटांत सरोवर, बेट, शंकू, सगळं गायब. पलीकडच्या टेबलावरचं कुटुंब हिरमुसलं, कारण त्यांचं जेवण नुकतंच येत होतं. आमचं काही बिघडलं नाही. कड्यावर गारवा आहे म्हणून इथे उकळतं सूप भर दुपारी गोड लागतं. मनिलाच्या घामट उकाड्यात तोच बुलालो नकोसा होतो. मासा सरोवराचा, गारवा कड्याचा, आणि दोन्ही त्या ज्वालामुखीची देणगी. देखावा विकणाऱ्या हॉटेलांवर माझा विश्वास नाही, पण इथे देखावा आणि स्वयंपाकघर यांचं मूळच एक आहे.

शेवटी हालो-हालो दोघांत एक: किसलेला बर्फ, आटवलेलं दूध, जांभळ्या कंदाचं उबे, फणस, गोड शिजवलेले घेवडे, वर कॅरामल कस्टर्डचा तुकडा आणि भाजके कोवळे पोहे. मला घेवडे अजून पटलेले नाहीत. त्याने बातांगासची बाराको कॉफी घेतली, कडक आणि काळी.

बिल दोघांचं दोन हजार पेसोच्या आत, सर्व्हिस चार्ज धरून. एक पेसो साधारण दीड रुपया धरा.

तुम्ही कुणी देखाव्याच्या जागी खरोखर चांगलं जेवला आहात का? नावानिशी सांगा.

---

मीठभाकर

फोटो नाहीत तर धागा ग्राह्य धरला जाणार नाही. ;)

बाकी तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही. एकदाही नाही. आपल्या घाटमाथ्यावरच्या एका हॉटेलात 'व्हॅली व्ह्यू'चे वेगळे पैसे देऊन थंडगार पनीर खाल्लंय. जिथे खिडकी मोठी तिथे आचारी छोटा, हा माझा नियम. तुमच्या लेखात सुद्धा स्वस्तात बुलालो बाजाराच्या माडीवर मिळतो असं आहेच. मग कड्यावर कशाला बसायचं?

चिंचगूळ

@मीठभाकर, फोटोत पांढरं धुकं आहे, हवा असेल तर पांढरा कागद बघा.

बाजारातला बुलालो नवऱ्याने आधी खाल्लाय. त्याच्या मते रस्सा तिथलाच जास्त चांगला. पण तिथे माझ्यासाठी विशेष काही नव्हतं आणि बाहेर सुरे परजत बोलावणारे लोक. जोडीने जायचं तर कडा. एकट्याने फक्त जेवायला जायचं तर बाजार. नियम तुमचाच, थोडी सूट द्या.

डेकवरचा

सिनिगांग वाचून तोंडाला पाणी सुटलं. मी मर्चंट नेव्हीत, इंजिनरूमवाला. फिलिपिनो नाहीत असं जहाज शोधून सापडायचं नाही, त्यामुळे निम्मं आयुष्य त्यांच्याच हातचं खाल्लंय. जहाजावरचं सिनिगांग पाकिटातल्या पावडरचं असतं हे आधीच सांगतो, पण उत्तर अटलांटिकमध्ये हलत्या जहाजावर तेच अमृत.

धाग्यात एक राहिलं: मोंगो. मुगाची दाटसर आमटी, लसूण-कांदा-टोमॅटो आणि शेवग्याचा पाला. शुक्रवारी करायची पद्धत, कारण कॅथलिक लोक उपवासाच्या काळात शुक्रवारी मांस टाळतात. आमच्या चीफ कुकला सांगून ठेवलं होतं, सुकी मासळी घालायच्या आधी माझा वाडगा काढ. वरून मी जिरं-हिंगाची फोडणी द्यायचो. पुढे पुढे बोसनही (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) 'इंडियन स्टाइल' मागायला लागला.

चिंचगूळ

मोंगो! बरोबर. आमच्या इमारतीखालच्या साध्या खानावळीत शुक्रवारी हमखास असतो, कड्यावरच्या हॉटेलात मेनूवर नव्हता. आणखी एक, कोंबडीवाल्यांसाठी तिनोला: आलं, कच्ची पपई आणि पुन्हा शेवग्याचाच पाला. आजारपणात मला शेजारच्या बाई तेच आणून देतात.

तिसऱ्या

आमच्या गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर करतात तसं तिथेही 'सुकांग तुबा' असतं, माडाच्या ताडीचंच. व्हिनेगर आणि लसणीत मांस मुरवायचं हेही दोन्हीकडे. इथे पोर्तुगीज, तिथे स्पॅनिश, पण माड दोघांना आयताच मिळाला. फिलिपिनो लोक व्हिनेगरात आधीपासून शिजवत होते, स्पॅनिशांनी येऊन त्याला आदोबो म्हटलं एवढंच.

ते ज्याला बागोओंग म्हणतात ते खारवून आंबवलेलं जवळ्याचं वाटण. पहिल्यांदा बरणी उघडली की पळावंसं वाटतं. कोकणात सुका जवळा भाजणाऱ्यांनी मात्र पळायचं कारण नाही. कच्च्या कैरीला लावून खाऊन बघा.

त्यांचं बिबिंका खाल्लंत का? आमच्या बेबिंकासारखे थर नसतात, तांदळाच्या पिठाचं, केळीच्या पानावर भाजलेलं. पण निखारे खालीही आणि वरही.

चिंचगूळ

@तिसऱ्या, बिबिंका नाताळात खाल्लं. पहाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर विकतात, ख्रिसमसच्या आधीचे नऊ दिवस. वर खारवलेल्या अंड्याच्या चकत्या आणि किसलेलं खोबरं. गोड-खारट एकत्र, मला फार आवडलं. बागोओंगच्या बाबतीत अजून पळतेच आहे.

खडकफोड्या

भूगर्भवाला असल्यामुळे राहवत नाही. बिनिंतियांग मालाकीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, पर्यटन खात्याच्या पोस्टरांवरही तोच झळकतो.

अवांतर: आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण जात वेगळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा पसरला, थरावर थर. म्हणून आपल्याकडे शंकू नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांचे कडे आहेत. ताआलमध्ये पाणी आणि तप्त खडक यांची गाठ पडते, वाफेचा स्फोट होतो, म्हणून तो बुटका (जेमतेम ३११ मीटर) असून इतका घातकी. १९११ मध्ये तेराशेहून जास्त माणसं गेली. लोणारचं सरोवर मात्र उल्कापाताचं, ते कुणी यात आणू नका.

जाणाऱ्यांनी निघण्याआधी फिवोल्क्सचं (तिथली ज्वालामुखी-भूकंप संस्था) रोजचं पत्रक बघावं. शून्य ते पाच अशी इशारा-पातळी असते. सल्फर डायऑक्साइड जास्त असला की दरीत धुक्यासारखा थर साचतो, तो धुकं नसतो. दमेकऱ्यांनी त्या दिवशी घरी मुगाची आमटी खावी.

अंबाडी

लेख छान, पण ताविलिस खटकला. तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे हे तुम्हाला माहीत असणारच. जगात एकाच सरोवरात उरलेला मासा, आणि आपण 'कुरकुरीत' म्हणून कौतुक करायचं?

चिंचगूळ

@अंबाडी, माहीत आहे. २०१९ पासून यादीत आहे. त्याच वर्षापासून मार्च-एप्रिलमध्ये, विणीच्या काळात, मासेमारी बंद ठेवतात. आम्ही जानेवारीत गेलो. बंदी नसलेल्या महिन्यात काठावरच्या कोळ्यांनी पकडलेला मासा खायला मला अडचण वाटत नाही. आपणही श्रावणात थांबतो आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू करतो. शिवाय ताविलिस कमी व्हायला जास्त पकडण्याइतकीच सरोवरातली पिंजऱ्यातली मत्स्यशेती आणि बाहेरून आलेले मासेही कारणीभूत आहेत. म्हणजे स्वस्तातला तिलापिया मागवला की आपण निर्दोष, असंही नाही.

अंबाडी

श्रावणाची उपमा इथे बसत नाही. आपल्या समुद्रात बांगडा संपला तर शेजारच्या समुद्रातून येईल. इथे शेजारचं सरोवरच नाही. मी खाणार नाही. तुम्ही खाल्लात याबद्दल भांडत नाही, पण लेखात यादीचा उल्लेख हवा होता.

मीठभाकर

अंबाडीताईंना +१. आणि खायचाच असेल तर तो खरोखर ताविलिसच आहे का हे विचारून घ्यावं. कोकणात हापूसच्या पेटीत काय काय निघतं ते आपल्याला ठाऊक आहे.

बोलघेवडा

परदेशात गेलं की लोक बीफच्या हॉटेलात बसतात आणि वर त्याचं रसभरीत वर्णन…

निवांत नाना

बोलघेवडे, त्यांनी खाल्लं नाही, नवऱ्याने खाल्लं, दोघांचा संसार चाललाय. धाग्याचं काश्मीर करू नका.

मी मुद्द्याचं लिहितो. नोकरीनिमित्त आमचा मुक्काम काही वर्षं लोस बान्योसला होता, तागायतायच्या पूर्वेला, लगुना प्रांतात. तिथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. १९६६ साली आयआर-८ हे भाताचं वाण तिथूनच बाहेर पडलं आणि आपल्या स्वामिनाथनसाहेबांनी १९८२ ते १९८८ तिचं महासंचालकपद सांभाळलं. त्यामुळे गावात भारतीयांची सवय होती. तरी रस्त्यावरची पोरं 'बुम्बाय' म्हणायची. पंजाबातला असो की केरळातला, तिथे भारतीय म्हणजे मुंबईचाच. आम्ही दादरचे, त्यामुळे आम्हाला तक्रारीला जागा नव्हती.

चिंचगूळ, तुम्ही खोके भरून खाऊ म्हणालात, त्यात बुको पाय होता ना? शहाळ्याच्या कोवळ्या मलईचा पाय. तागायतायला रस्तोरस्ती विकतात, पण माहेर आमचं लोस बान्योस. गरम असतानाच खायचा, घरी नेऊन फ्रिजमध्ये घातला की मजा गेली.

अजून एक. शेंगदाण्याच्या दाट रश्शातलं 'कारे-कारे' तिथल्या मेनूवर असतंच. १७६२ ते १७६४ मनिला इंग्रजांच्या हाती होतं, त्यांच्याबरोबर मद्रासेचे शिपाई आले आणि काही कायंता गावात कायमचे राहिले, इथवर इतिहास. त्यांनी घरची आमटी करायला घेतली आणि हा पदार्थ झाला, ही दंतकथा. पण शेंगदाण्याचं कूट घालून केलेलं ते कालवण आमच्या सौ.ने गाय वगळून, वांगं-घेवडा घालून केलं तेव्हा सोलापूरच्या पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं.

चिंचगूळ

नाना, बुको पाय घेतला होता, गाडीतच संपला. सौ. काकूंची ती भाज्यांची कृती टाका ना, वेगळा धागा काढून.

लगबग

वाखूसा (वाचनखूण साठवली). आम्ही डिसेंबरात जाणार आहोत, बरोबर सासूबाई, त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. काय खातील? व्हिसाचं काय? ज्येष्ठांना सवलत असते म्हणे?

चिंचगूळ

@लगबग, व्हिसाची कटकट गेली. जून २०२५ पासून भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चाची तरतूद दाखवायची तयारी ठेवा आणि ई-ट्रॅव्हल नोंदणी निघण्याआधी ऑनलाइन करा. ज्येष्ठांची वीस टक्के सवलत तिथल्या नागरिकांनाच आहे.

सासूबाईंचं खरं सांगते, कठीण आहे. 'मांस नको' म्हटलं तरी पातिस किंवा बागोओंग असतंच. पिनाकबेत नावाची कारली-भेंडी-भोपळा-वांगं अशी मस्त मिसळ भाजी असते आणि तिच्यातही जवळाच. 'वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, वालांग बागोओंग' (मांस, मासा, पातिस, बागोओंग काहीच नको) असं मोबाइलवर लिहून दाखवा. भाजलेलं वांगं, भात, लसणीत परतलेला कांगकोंग (ऑयस्टर सॉस न घालता) एवढं मिळेल. रस्त्यावर कावितेचे अननस अप्रतिम. डबा न्याच, म्हणजे त्या देखावा बघत दशमी खातील आणि तुम्ही सुखाने जेवाल. आणि सकाळी लवकर निघा, अकराच्या आत कड्यावर पोचलात तर ज्वालामुखी दिसायची शक्यता जास्त.

डेकवरचा

माझं जहाज पुढच्या महिन्यात बातांगास बंदरात लागतंय. शोअर लीव्ह मिळाली तर सात-आठ तास. तागायताय जमेल का?

चिंचगूळ

जमेल, पण रविवार असेल तर नका करू, ट्रॅफिकमध्ये जहाज सुटेल. वाटेत लिपाला उतरा. लोमी खा: जाड नूडल्स, इतका दाट रस्सा की चमचा उभा राहतो, वर कुरकुरीत चिचारोन (डुकराची तळलेली कातडी). मग बाराको. लिपा कॉफीचंच गाव आहे. ज्वालामुखी बघायचाच असेल तर कड्यावर न चढता सरोवराकाठी तालिसायला जा. तिथे बेट अगदी समोर दिसतं आणि धुक्याचा त्रास कमी. जेवणात मालिपुतो विचारा. मासा महाग आहे, भाव आधी ठरवा.

डेकवरचा

लोमीवर शिक्का. चीफ कुकचं गाव लिपाच आहे, त्यालाच घेऊन जातो.